तुमचं चॅरिझार्डचं कार्ड नेमकं कुठल्या छपाईचं? नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शक

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा जुना डबा खाली येतो. आत दोन-चार गोट्या, एक तुटका भोवरा आणि रबरबँड लावलेला पोकेमॉन कार्डांचा गठ्ठा. सगळ्यात वर पंख पसरून जाळ ओकणारा नारिंगी ड्रॅगन. घरातलं कुणीतरी मोबाइलवर नाव टाकून बघतं आणि पाच मिनिटांत सगळं घर त्या डब्याभोवती गोळा होतं, कारण "हेच कार्ड कोटींना विकलं गेलंय!"

मी गेली काही वर्षं ही कार्डं जमवतो, म्हणून ओळखीपाळखीतून असे फोन मला येतात. फोनवर मी किंमत सांगत नाही. एवढंच म्हणतो, "कार्ड उजेडात धर आणि अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात काय छापलंय ते वाचून दाखव." निम्म्या फोनांचा निकाल तिथेच लागतो.

त्या ड्रॅगनचं नाव चॅरिझार्ड. मित्सुहिरो अरिता या जपानी चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र १९९६ साली पहिल्यांदा कार्डावर आलं आणि पुढे २०२३ पर्यंत वेगवेगळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा छापलं गेलं. लांबून बघणाऱ्याला ही सगळी कार्डं सारखीच वाटतात. पण प्रत्येक छपाई आपली खूण अंगावर घेऊन आलेली असते. जुनं पुस्तक हातात आलं की आपण आतलं पान उलटतो आणि पहिली आवृत्ती की पुनर्मुद्रण ते बघतो. कार्डाचं हे आतलं पान त्याच्या तोंडावरच असतं, फक्त मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचायला शिकलात की किंमत विचारायची वेळ येईपर्यंत निम्मं उत्तर तुमच्याच हातात असेल.

बसण्याआधी

हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ कापड पसरा. एक भिंग, चांगला उजेड आणि मिलिमीटरची पट्टी घ्या. रबरबँड काढताना कार्डं ओढू नका. रबर चिकटलं असेल तर ते कात्रीने कापा. कार्डं पुसू नका. ओल्या फडक्याने पुसलेलं कार्ड मी पाहिलंय, त्याची कडा कायमची फुगली होती.

पायरी १: उजवा कोपरा

कार्डाच्या तळाशी उजवीकडे एक अपूर्णांक आणि त्याच्या शेजारी छोटा काळा तारा असतो. तारा म्हणजे ते कार्ड दुर्मीळ गटातलं. अपूर्णांकातला पहिला आकडा कार्डाचा क्रम आणि दुसरा त्या संचातल्या एकूण कार्डांची संख्या. चॅरिझार्डच्या जुन्या चित्रापुरतं बोलायचं तर ४/१०२ असेल तर ते मूळ इंग्रजी संचाचं, म्हणजे बेस सेटचं असू शकतं. ४/१३० असेल तर बेस सेट २. ३/११० असेल तर लेजंडरी कलेक्शन. १०३/१०० असा उलटा दिसणारा आकडा असेल तर स्टॉर्मफ्रंट. ११/१०८ असेल तर २०१६ चं इव्होल्युशन्स.

आता थोडं वर बघा, चित्राच्या चौकटीच्या खाली उजव्या बाजूला. तिथे संचाचं चिन्ह असतं. बेस सेट २ वर तिथे पोकेबॉल, म्हणजे पोकेमॉन पकडायचा चेंडू, आणि त्यावर २ चा आकडा दिसतो. मूळ बेस सेटवर मात्र तिथे काहीच नसतं. तो पहिलाच संच होता, त्याला इतरांपासून वेगळा दाखवण्याची गरज कुणाला वाटलीच नाही. आपल्या नाण्यांचं असंच आहे. सालाखाली हिऱ्याची खूण असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असला तर हैदराबादचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. सगळ्यात जुन्या टांकसाळीला खूणच नाही. नाणी जमवणाऱ्याला ती कोरी जागा वाचता येते, कार्डं जमवणाऱ्यालाही ती वाचता यायला हवी.

पायरी २: ४/१०२ निघालं, आता सावकाश

इथे घाई करू नका, कारण ४/१०२ हा आकडा एकच असला तरी त्यामागे निदान पाच वेगळ्या छपाया आहेत. त्यांच्या किमतींतला फरक हजारांपासून कोटींपर्यंत जातो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जपानमध्ये पोकेमॉनचा गेमबॉयवरचा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ ला आला आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला कार्डांचा पहिला संच. इंग्रजी कार्डं छापण्याचे हक्क मिळाले अमेरिकेतल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीला. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ १९९३ साली बाजारात आणणारी हीच कंपनी, त्यामुळे छपाई, पाकिटं, दुकानांचं जाळं हे सगळं तिच्याकडे तयार होतं. इंग्रजी बेस सेट ९ जानेवारी १९९९ ला आला. १०२ कार्डं, त्यातली १६ चमकत्या चित्राची, म्हणजे होलो. ११ कार्डांच्या पाकिटात होलो निघण्याची शक्यता तीनात एक. त्या १६ पैकी एक होलो, माचँप नावाच्या पोकेमॉनचा, पाकिटात येत नसे. उरलेले १५ सारख्या प्रमाणात छापले असं धरलं, तर चॅरिझार्ड साधारण ४५ पाकिटांमागे एक. एका पेटीत ३६ पाकिटं असत. अख्खी पेटी फोडूनही तो हाती लागेलच असं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी या कार्डांवर बंदी घातली, कारण मधल्या सुट्टीतल्या अदलाबदलीवरून भांडणं होत होती.

आता कार्ड हातात घ्या आणि दोन जागा बघा.

पहिली जागा: चित्राच्या चौकटीखाली डावीकडे. तिथे काळ्या गोलात १ चा आकडा आणि त्याला वेढून 'एडिशन' हा शब्द असा शिक्का असेल तर ते फर्स्ट एडिशन, म्हणजे सर्वांत पहिल्या तुकडीतलं.

दुसरी जागा: चित्राच्या चौकटीची उजवी कडा. नेहमीच्या कार्डावर चौकटीच्या उजवीकडे एक करडी सावली पडलेली दिसते, त्यामुळे चित्र किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. सगळ्यात आधीच्या इंग्रजी छपाईत ही सावली नव्हती. शिक्का नाही आणि सावलीही नाही, अशा कार्डाला संग्राहक शॅडोलेस म्हणतात. हे नाव कंपनीने दिलेलं नाही, लोकांनीच ठेवलंय. शॅडोलेस कार्डाचे रंग जरा फिके असतात, अक्षरं बारीक असतात आणि वरच्या कोपऱ्यातला '१२० एचपी' (पोकेमॉनचा जीव किती, तो आकडा) हा लाल मजकूर सडपातळ दिसतो. फर्स्ट एडिशनचं प्रत्येक बेस सेट चॅरिझार्डही बिनसावलीचंच असतं. म्हणून शिक्का आहे आणि सावलीही आहे असं इंग्रजी चॅरिझार्ड कुणी दाखवलं, तर तो शिक्का नंतर मारलेला आहे असं समजा.

शिक्का नाही आणि सावली आहे, ते अनलिमिटेड. बाजारात दिसणारी बहुतेक खरी ४/१०२ कार्डं याच छपाईची. नावामुळे गोंधळू नका. पहिल्या तुकडीनंतर मागणी आली तशी ही कार्डं छापत गेले, इतकाच त्याचा अर्थ.

शिक्क्याबद्दल एक जपून ठेवण्यासारखी गोष्ट. मी नवा होतो तेव्हा 'बेस सेट फर्स्ट एडिशन' म्हणून माचँपचं एक कार्ड घेतलं, आणि माझ्या ऐपतीच्या मानाने बरेच पैसे मोजले. शिक्का खरा होता, कार्डही खरं होतं. फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. माचँप हे पाकिटातून निघणारं कार्ड नव्हतं. दोघांनी खेळायच्या सुरुवातीच्या संचात ते प्रत्येक डब्यात यायचं, आणि डबा कधीही छापलेला असो, माचँपवर फर्स्ट एडिशनचा शिक्का बहुतेक वेळा असायचाच. ते १९९९ मधलं सगळ्यात सहज मिळणारं फर्स्ट एडिशन कार्ड आहे. तेव्हापासून शिक्का दिसला की आधी विचारतो, हे कार्ड कुठल्या वस्तूतून बाहेर आलं? पाकीट, डबा की भेट? उत्तर माहीत नसेल तर पैसे बाहेर काढत नाही.

पायरी ३: तळाची ओळ

भिंग इथे लागेल. कार्डाच्या सगळ्यात खाली, मधोमध, निन्टेन्डो, क्रीचर्स, गेम फ्रीक आणि विझर्ड्स यांची नावं असलेली कॉपीराइटची ओळ असते. तिच्यातली सालं वाचा.

इथे जवळजवळ प्रत्येक नवा माणूस अडखळतो. ओळीची सुरुवात १९९५ ने होते, आणि लोक म्हणतात, "माझं कार्ड १९९५ चं आहे!" १९९५ साली जगात एकही पोकेमॉन कार्ड नव्हतं. ते साल हक्कांचं आहे, छपाईचं नाही, आणि ते कितीतरी नंतरच्या कार्डांवरही दिसतं.

खरी खूण पुढच्या सालांत आहे. फर्स्ट एडिशन आणि शॅडोलेस कार्डांवर निन्टेन्डोच्या नावाआधी १९९५, ९६, ९८, ९९ अशी चार सालं असतात. अनलिमिटेडवर १९९५, ९६, ९८ अशी तीनच. शेवटचं ९९ गेलेलं असतं. दोन्हींवर पुढे विझर्ड्सच्या नावाआधी १९९९ असतं, ते मोजायचं नाही. सावलीबद्दल फोटोवरून शंका राहिली तर या ९९ वर निर्णय होतो. मी तर सावलीपेक्षा या ओळीवर जास्त विसंबतो, कारण फोटोचा उजेड सावली लपवू शकतो, आकडा लपत नाही.

आणखी एक छपाई आहे. तिच्यावर विझर्ड्सच्या नावाआधी १९९९-२००० असं लिहिलेलं असतं. तिला चौथी छपाई म्हणतात, आणि ती प्रामुख्याने ब्रिटनमध्ये विकली गेली. नातेवाइकांनी लंडनहून आणलेल्या गठ्ठ्यात ती सापडू शकते. सावली आहे, शिक्का नाही, म्हणून अनलिमिटेड समजून लोक ती बाजूला ठेवतात. एकदा भिंगातून बघा.

४/१०२ चं पाचवं रूप आहे २०२१ चं, आणि सध्या सगळ्यात जास्त गफलत त्याच्यावरूनच होते. पोकेमॉनला २५ वर्षं झाली म्हणून सेलिब्रेशन्स नावाचा संच ८ ऑक्टोबर २०२१ ला निघाला. त्यात जुन्या गाजलेल्या कार्डांची एक वेगळी मालिका होती आणि त्या कार्डांवर त्यांचे मूळ क्रमांकच कायम ठेवले. त्यामुळे यातल्या चॅरिझार्डवरही ४/१०२ आहे, चौकट जुनी आहे, चित्र तेच आहे. फरक दोन. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पिकाचूच्या चेहऱ्याचं २५ व्या वर्षाचं छोटं चिन्ह, आणि तळाच्या ओळीत २०२१. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत नेमका तो कोपरा बोटाखाली असेल तर दुसरा फोटो मागा. मिळाला नाही तर सोडून द्या.

पायरी ४: अक्षरं इंग्रजी नसतील तर

जपानी कार्डावर या ड्रॅगनचं नाव लिझार्डन आहे. पाठही वेगळी असते. १९९६ चं जपानी चॅरिझार्ड मीडिया फॅक्टरी या कंपनीने काढलं आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात अपूर्णांक नसतो. तिथे लेव्हल ७६, पोकेमॉनचा क्रमांक ००६ आणि तारा असतो. पहिल्याच जपानी छपाईत तो तारा छापलेला नव्हता. म्हणून ताऱ्याशिवायचं जपानी कार्ड ही या सगळ्या वंशावळीतली पहिली पिढी आहे, इंग्रजी फर्स्ट एडिशनच्याही दोन वर्षं आधीची. शिक्का शोधत बसलेल्या माणसाच्या हातून ते निसटतं, कारण इथे खूण म्हणजे खूण नसणं.

फ्रेंच कार्डावर द्राकोफो आणि जर्मन कार्डावर ग्लुराक असं नाव दिसेल. ती खोटी नाहीत. त्यांचा बाजार वेगळा आणि भाव वेगळा, म्हणून इंग्रजी कार्डाचा भाव त्यांना लावू नका.

पायरी ५: नंतरची पुनर्मुद्रणं

बेस सेट २ हा २४ फेब्रुवारी २००० ला आला. पहिला संच आणि त्यानंतरचा जंगल संच यांतली निवडक १३० कार्डं. याला फर्स्ट एडिशन नव्हतीच, तेव्हा ४/१३० वर शिक्का दिसला तर संवाद तिथेच थांबवा. बरेच संग्राहक या संचाला नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. विझर्ड्सच्या काळातलं, तेच चित्र, तीच चौकट, आणि मूळ अनलिमिटेडपेक्षा सहसा परवडणारं. पहिलं जुनं चॅरिझार्ड घ्यायचं असेल तर मी ४/१३० च सुचवतो.

लेजंडरी कलेक्शन २४ मे २००२ चं, ११० कार्डांचं. इंग्रजी पाकिटांत रिव्हर्स होलो हा प्रकार पहिल्यांदा इथे आला: चित्र साधं आणि चित्राबाहेरचं सगळं कार्ड चमकतं. यातली चमक दारूकामासारखी फुटलेली दिसते, आणि पुढच्या कुठल्या संचात मला ती तशी दिसली नाही. ३/११० हातात आलं तर चमक चित्रात आहे की बाहेर ते आधी बघा. बाहेरची चमक असलेलं कार्ड बरंच महाग असतं.

२००३ साली हक्क विझर्ड्सकडून गेले आणि पोकेमॉनच्या स्वतःच्या कंपनीने इंग्रजी कार्डं काढायला सुरुवात केली. यानंतरच्या कार्डांवर विझर्ड्सचं नाव नसतं, हीसुद्धा काळ ओळखायची सोपी खूण. नोव्हेंबर २००८ च्या स्टॉर्मफ्रंट संचात जुना चॅरिझार्ड गुप्त कार्ड म्हणून परतला. १०० कार्डांच्या संचात १०३ वा क्रमांक, म्हणजे यादीबाहेरचा पाहुणा. अशा उलट्या आकड्याला लोक छपाईची चूक समजतात. ती मुद्दाम केलेली असते.

२०१६ चा इव्होल्युशन्स २० व्या वर्षानिमित्त आला. कार्डं जुन्या संचासारखी दिसावीत अशी बेतलेली आहेत, पण मजकूर आणि आकडे नव्या खेळाप्रमाणे बदललेत, म्हणून त्याला मी पुनर्मुद्रण म्हणत नाही, आठवण म्हणतो. २०२३ साली तीन तयार डेकची, म्हणजे खेळायला बांधून दिलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांची, एक महागडी पेटी निघाली, तिच्यातल्या एका डेकचा म्होरक्या पुन्हा चॅरिझार्डच.

मधेच एक प्रश्न: पुन्हा छापलं तर जुन्याची किंमत पडत नाही का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो योग्य आहे. मॅजिकच्या बाबतीत हाच वाद पेटला होता. १९९५ मध्ये जुनी कार्डं भरपूर पुन्हा छापली गेली, संग्राहक चिडले, आणि १९९६ साली कंपनीने ठराविक कार्डांची यादी जाहीर करून ती पुन्हा छापणार नाही असा शब्द दिला. ब्लॅक लोटस हे त्या यादीतलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड. पोकेमॉनमध्ये असा शब्द कुणी दिलेला नाही. चॅरिझार्ड उद्या पुन्हा छापलं जाऊ शकतं.

तरीही १९९९ च्या कार्डाला मागणी टिकली, कारण लोक त्याच्यासाठी पैसे मोजतात ते खेळायला नव्हे. खरं तर त्या काळातही हे कार्ड स्पर्धा जिंकून देणारं नव्हतं. चारमँडर, मग चारमेलियन, मग चॅरिझार्ड अशा तीन पायऱ्या चढायच्या, चार ऊर्जा कार्डं लावायची, आणि १०० चा एक हल्ला केला की त्यातली दोन टाकून द्यायची. तोवर समोरचा हिटमोनचॅन आणि इलेक्टाबझ घेऊन डाव संपवायचा. पण दहा वर्षांच्या मुलाला १२० एचपी आणि १०० चा हल्ला हे आकडे पुरेसे होते. ती मुलं मोठी झाली, कमावू लागली, आणि त्यांना हवं होतं तेच कार्ड, त्याच छपाईचं. नवं कार्ड निघालं की चित्राची ओळख आणखी पसरते आणि त्यातले काही जण मागे जाऊन मूळ शोधतात. म्हणून विकत घेताना स्वतःला विचारा, मला चित्र हवंय की छपाई? चित्र हवं असेल तर २०२१ चं कार्ड सुंदर आहे. त्यासाठी १९९९ चे पैसे मोजू नका.

पायरी ६: खरं की नकली

महाराष्ट्रातल्या घरांत सापडणाऱ्या गठ्ठ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पोकेमॉन भारतात कार्टून नेटवर्कवर २००३ साली सुरू झाला, म्हणजे इंग्रजी बेस सेटनंतर चार वर्षांनी. आपल्या पिढीच्या हाती आले ते वेफर्सच्या पाकिटातले टॅझो आणि शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातली पाच-दहा रुपयांची कार्डं. ती कार्डं बहुतांश नकली होती. मूळ विझर्ड्सचं कार्ड इथल्या घरात असेल तर ते सहसा परदेशातल्या आत्या-मामांच्या बॅगेतून आलेलं असतं. "हे कुणी आणलं?" हा प्रश्न आईला विचारा, त्याचं उत्तर भिंगाइतकंच उपयोगी पडतं.

तपासायची रीत अशी. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असावं. कडेने बघितलं तर दोन पांढऱ्या थरांमध्ये एक गडद रेघ दिसायला हवी. नकली कार्डात ती बहुधा नसते. पाठीवरचा निळा रंग फिका किंवा जांभळट असेल तर संशय घ्या. 'पोकेमॉन' या इंग्रजी शब्दातल्या ई वर तिरकी रेघ असते, नकली कार्डांत ती अनेकदा विसरलेली असते. भिंगातून काळी अक्षरं सलग काळी दिसली पाहिजेत. ठिपक्या-ठिपक्यांची दिसली तर तो छायाप्रतीचा माल. जुन्या बेस सेट चॅरिझार्डवर चमक फक्त चित्रापुरती असते. अख्खं कार्ड चमकत असेल, किंवा सोनेरी पत्र्यासारखं असेल, तर पुढे तपासायची गरज नाही.

यापेक्षाही भरवशाचा उपाय: बेस सेटचं एखादं साधं, स्वस्त, खरं कार्ड आधी विकत घ्या आणि ते नमुना म्हणून शेजारी ठेवा. हाताला जाडी कळते, डोळ्याला निळा रंग कळतो. कार्ड फाडून थर बघायची चाचणी कुणी सुचवली तर ती फक्त पाच रुपयांच्या कार्डावर करा.

आणि नकली निघालं म्हणून गठ्ठा फेकू नका. ते तुमचं लहानपण आहे. खरं म्हणून विकू नका, एवढंच.

पायरी ७: अवस्था आणि ग्रेडिंग

मार्च २०२२ मध्ये फर्स्ट एडिशन चॅरिझार्डचं एक कार्ड ४,२०,००० डॉलरला विकलं गेलं, तेव्हाच्या दराने तीन कोटींहून जास्त. बातमीत जे वाक्य लोक वाचत नाहीत ते हे, की त्या कार्डाला पीएसए या अमेरिकन संस्थेने १० पैकी १० गुण दिले होते. पीएसए कार्डाचा खरेपणा आणि अवस्था तपासते आणि ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, परत पाठवते. चार गोष्टी बघतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आलंय का. शाळेच्या खिशातून फिरलेलं, रबरबँडची खाच पडलेलं तेच फर्स्ट एडिशन कार्ड या भावाच्या जवळपासही जात नाही.

प्रत्येक कार्ड ग्रेडिंगला पाठवू नका. शुल्क, विमा, परदेशी टपाल, परत येताना सीमाशुल्काची कटकट, हे सगळं धरून हिशेब करा. घासलेल्या ४/१३० साठी तो बसत नाही. फर्स्ट एडिशन किंवा शॅडोलेस विकत घेताना मात्र मी ग्रेड केलेलंच घ्या म्हणेन, कारण खऱ्या शॅडोलेस कार्डावर खोटा शिक्का मारण्याचे प्रकार होतात आणि ते फोटोवरून ओळखणं मलाही जमत नाही. स्लॅबवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत तपासा आणि तिथल्या वर्णनाशी समोरचं कार्ड ताडून बघा. भाव ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेली रक्कम धरू नका. त्याच छपाईची, त्याच गुणांची कार्डं प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा.

शेवटची पायरी: पावसाळा

परदेशी मार्गदर्शकांत हे फारसं सापडत नाही, पण मुंबई-कोकणात, गोव्यात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. होलो कार्डाच्या पुढच्या बाजूला चकाकता थर असतो, तो ओल शोषत नाही. मागचा कागद शोषतो. त्यामुळे जूनमध्ये सरळ असलेलं कार्ड ऑगस्टमध्ये पन्हाळीसारखं वाकतं. आधी मऊ स्लीव्ह (प्लॅस्टिकचं पातळ पाकीट), मग कडक टॉपलोडर (जाड प्लॅस्टिकचं आवरण), मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवायचा नाही. पुड्या दर महिन्याला बदला. वाकलेलं कार्ड इस्त्रीने किंवा जड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नका. कोरड्या डब्यात ते काही आठवड्यांत बरंचसं आपोआप सरळ होतं.

डब्यात एक कागद ठेवा आणि प्रत्येक कार्डाची नोंद त्यावर लिहा. माझ्या पहिल्या जुन्या चॅरिझार्डची नोंद अशी आहे: "४/१३०, बेस सेट २, इंग्रजी, विझर्ड्स, २०००. होलो चित्रात. वरचा डावा कोपरा पांढरा झालेला, मागे एक ओरखडा. खरेपणा नमुना कार्डाशी ताडून पाहिला." त्याखाली कुणाकडून आणि कितीला घेतलं ते. पुढे कधी माझ्या मुलीने हा डबा उघडला तर तिला फोन करून कुणाला विचारावं लागणार नाही.